बाबांची स्कूटर आणि माझा पक्का अर्ज

माझ्या वडिलांची स्कूटर एका रविवारी चोरीला गेली, आणि ती चोरीला गेली हे अख्ख्या धाड गावात फक्त मला एकटीला माहीत होतं.

बाबा गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. म्हणजे डॉक्टरांनी बैलाला सुई टोचायची आणि बैलानं बाबांना लाथ मारायची! त्या स्कूटरवर ते तीस वर्षं गावोगावचे गोठे फिरले. मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. आई धाडला एकटी राहते, मी मलकापूरला नोकरीला. महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री यायचं, रविवारी पहाटेच्या एसटीनं परत. स्कूटर दारातच असायची, पण मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. सीटवर बाबांच्या बसण्याचा खळगा तसाच होता.

त्या खेपेला सोमवारी सुट्टी होती म्हणून मी रविवारी राहिले. आई सकाळीच एका लग्नाला गेली होती (मोबाईल घरी, चार्जिंगला!). मी उशिरा उठून दारात आले, तर स्कूटर नाही! दुसरं कोणी असतं तर शेजारी जाऊन विचारलं असतं. पण मी पडले सरकारी कचेरीतली कारकून. मला बोलण्यापेक्षा अर्ज करणं सोपं जातं.

दोन पानी अर्ज लिहिला. मुद्देवार! 'सदर वाहन कुलूपबंद अवस्थेत उभे असताना' असंही लिहिलं. वास्तविक त्या गाडीची चावी कुठे असते हेच मला ठाऊक नव्हतं. पण कुलूपबंद म्हटल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही. शेवटी, न राहवून, 'यामागे सराईत गुन्हेगार असावा' हेही टाकलं.

ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, नोकरीले वीस वर्षं झाले माह्या. असा पक्का अर्ज नाही पाह्यला."

मी अशी फुगले की विचारू नका. गुन्हा लगेच नोंदवला गेला.

दुपारी चारच्या आत फोन! "ताई, गाडी सापडली. नाक्यावरच धरली. चोरही सापडला. गाद्यांसकट!"

"गाद्या? कसल्या गाद्या?"

"दोन गाद्या अन् पाच उशा. त्याही चोरीच्याच दिसतात. या लवकर."

मी धावत गेले. ठाण्याच्या बाकड्यावर उशीला टेकून करीमचाचा बसले होते. आमच्या गल्लीत गाद्या भरणारे करीमचाचा! लहानपणी मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे!

"आली का बेटा? बरं झालं," ते म्हणाले. "ह्या साहेबाले सांग बरं, मी कोण हाव ते. कोन्या येड्यानं तक्रार केली म्हंते."

हवालदारांनी अर्ज पुढे केला. "हाच का ताई, तुमचा सराईत?"

"चाचा," मी कशीबशी म्हणाले, "तुम्ही गाडी काऊन नेली?"

"काऊन म्हंजे? आज रविवार नाही का! रविवार माहा हाय!"

मग उलगडा झाला. बाबांनी गाडीचे वार वाटून दिले होते. मंगळवार पिठाच्या गिरणीवाल्याचा, गुरुवार अंगणवाडीच्या मावशींचा, रविवार चाचांच्या बाजाराचा. चावी गाडीलाच! कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, फक्त दिवस मावळायला गाडी दारात आणून लावायची. बाबा असताना लोक गाडी न्यायचे हे मला माहीत होतं. पण बाबा गेल्यावरही ते वार तसेच चालू असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"पण ताई," हवालदार म्हणाले, "गाडी कुलूपबंद होती ना? मंग चावी यायच्यापाशी कशी?"

"ते... अर्जात तसं लिहायची पद्धत असते."

"खोटं लिहायची?"

"नाही हो. भारदस्त लिहायची."

करीमचाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाकड्याखाली जागा असती तर मी तिथे शिरले असते. माझ्या एका शब्दापायी तो सत्तरीचा माणूस चोर ठरत होता.

तेवढ्यात बातमी कळून लग्नातल्या जरीच्या लुगड्यातच आई आली, आणि तिच्यामागे अर्धी गल्ली! गिरणीवाला ओरडत होता, "साहेब, मंगळवारी मीही नेतो! मलेही धरा!" अंगणवाडीच्या मावशी म्हणाल्या, "गुरुवारचं माहं नाव लिव्हा!" हवालदारांनी कपाळाला हात लावला. "एका गाडीले चोर तरी किती बाप्पा!"

आईनं कुणाकडेच पाहिलं नाही. सरळ माझ्यापुढे आली.

"कारटे, मले इचारलं असतं तर तुही जीभ झडली असती का? रोज सांजच्याले कोणी ना कोणी ती गाडी दारात लावते. आवाज आला का मी चहा ठेवते. दोन मिनिटं मले वाटते, ते आले. दिवसभरात तेवढेच दोन मिनिटं राह्यले होते माह्यापाशी. थेही तू पोलिसात देले!"

मला रडू फुटलं. मी तिथल्या तिथे म्हणाले, "साहेब, मी अर्ज मागं घेते. कुलूप खोटं, सराईत खोटा, सगळं खोटं."

"आता कुठलं मागं घेता ताई? गुन्हा दाखल हाय. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत गाडी मुद्देमाल!"

माझा नवा जबाब झाला, चाचांना उशांसकट सोडलं, पण स्कूटर ठाण्यामागच्या आवारात बाभळीखाली गेली. तिथे कितीतरी गाड्या मालकांची वाट पाहत उभ्या होत्या. एकीच्या चाकांतून वेल चढून हँडलला फूल आलेलं!

"जागेचं भाडं पडते का?" आईनं भीत भीत विचारलं.

"मुद्देमालाले भाडं नसते मावशी. गंज असते."

तेवढं ऐकलं आणि आई रोज फडकं घेऊन ठाण्यात जायला लागली! हवालदार आधी 'हात लावू नका' म्हणाले, मग त्यांनीच बादली दिली. पण संध्याकाळी घरी ती चहा ठेवेना. फोनवर म्हणायची, "कोनासाठी ठेवू? तुह्या त्या अर्जासाठी?"

मी रजा टाकल्या, वारसाचे कागद जमवले, कोर्टाच्या खेपा घातल्या. शेवटी हुकूम निघाला: गाडी तक्रारदाराच्या ताब्यात द्यावी, एक जामीनदार आणावा. आता माझ्यासारखीला जामीन कोण राहणार? गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

"मी राह्यतो," करीमचाचा म्हणाले.

माझे वकील उडालेच. "अहो चाचा, चोर म्हणून तुम्हालाच धरलं होतं ना?"

"म्हनूनच तर! गाडी कुठी जाते, माह्यापेक्षा कोनाले जास्त मालूम?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पाया पडल्याचाही अर्ज करशीन."

गाडी सुटली, पण हुकुमात एक अट होती. सगळे कागद निकाली निघेपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. आणि गिअरची स्कूटर मला चालवता येत नाही! मंगळवार गेला, गुरुवार गेला, गाडी दारात नुसती उभी. आई तिच्याकडे बघत बसायची. शेवटी मीच तोड काढली. चालवायची चाचांनी, मागे बसायचं मी, म्हणजे ताबा माझाच! (हे कायद्यात बसतं का, ते मी कुणाला विचारलेलं नाही. लेखी तर नाहीच नाही.)

तेव्हापासून दर शनिवारी मी मलकापूरहून येते आणि रविवारभर बाजारात चाचांच्या गाद्यांवर बसून असते. गिऱ्हाइकं विचारतात, "चाचा, ह्या बाई कोन?" चाचा सांगतात, "मालकीन हाय. माह्यावर लक्ष ठेवाले सरकारनं बसोली." मी मान खाली घालून उशा मोजते.

दिवस मावळायला आम्ही गल्लीत शिरतो. आवाज ऐकून आई चहा ठेवते, पदर सावरत, हसऱ्या चेहऱ्यानं दारापर्यंत येते, आणि गाडीवरून उतरते कोण? मी!