बॉल जॉइंट आणि हमीदभाईंचा शब्द

हमीदभाई मिस्त्रींबद्दल माझी सर्वांत जुनी तक्रार खुर्चीची आहे. यवतमाळात दारव्हा रोडवरच्या त्यांच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकची एकच खुर्ची आहे आणि तिचा एक पाय आखूड आहे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी तिच्यावर बसलो, आणि आजतागायत डुगडुगतो आहे. साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या सरळ चालवणाऱ्या गृहस्थांना एक खुर्ची सरळ करता येऊ नये, याचा मी त्याच दिवशी जाब विचारला.

"मुद्दाम ठेवली सर," ते गाडीखालून म्हणाले. "चांगली खुर्ची भेटली का माणूस बसते. अन् बसला का शिकवते."

त्या वेळी मी त्यांना जॅक कुठे लावावा हे सांगत होतो.

आता हमीदभाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. गौरव समितीने मला लेख मागितला, आणि "नेहमीसारखे नको, जरा चांगले लिहा" अशी पुस्तीही जोडली. चांगलेच लिहितो. मात्र हा लेख जळणाऱ्या माणसाने लिहिला आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वास्तविक आमचा दोघांचा धंदा एकच. कुठे काय खिळखिळे झाले आहे ते दाखवायचे. मी वर्तमानपत्रातून दाखवले की लोक रागावतात. हमीदभाईंनी दाखवले की आभार मानतात आणि वर डबा पाठवतात. आमच्या घरूनही जातो. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, तोसुद्धा "वहिनींसाठी".

या वहिनी म्हणजे माझी पत्नी सुनंदा. आमची जुनी पांढरी गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते मी फेडले, चालवतो मी. पण दार उघडण्यापूर्वी सुनंदाचा प्रश्न ठरलेला: "हमीदभाईंनी पाहिली का?"

गेल्या हिवाळ्यात पुढच्या डाव्या चाकातून दर खड्ड्याला 'कट्' असा आवाज येऊ लागला. राजूरला सुनंदाच्या भाचीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेले. वणीकडचा रस्ता, कोळशाचे ट्रक. या वेळी तरी बायकोने माझ्या शब्दावर गाडीत बसावे, अशी माझी इच्छा होती. मी अभ्यास केला आणि निदान केले: बॉल जॉइंट गेला. चाकाला गाडीशी जोडणारा हा सांधा. वाटीत बसवलेला लोखंडी गोळा, आपल्या खुब्यासारखा. वाटी झिजली की गोळा हलतो, फारच झिजली की निसटतो, आणि चाक फाकून गाडी रस्त्यावरच बसकण मारते. जेवताना वाटी आणि लिंबू घेऊन मी हे सगळे सुनंदाला समजावले.

"हमीदभाईंनी पाहिली का?"

"अगं, पाहायचे काय त्यात? मी सांगतो ना!"

"मग मी एसटीने जाते."

गेलो दोघेही गॅरेजात. हमीदभाईंनी चाक जॅकवर उचलले, टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि माझा हात धरून सांध्यावर ठेवला. बिघाड गिऱ्हाइकाच्या हाताला कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. टॉमी दाबली तसा सांधा माझ्या बोटांखाली दुखऱ्या दाढेसारखा हलला. वरचे रबर फाटून आत धूळ गेली होती.

"बॉल जॉइंट," मी म्हणालो.

"बॉल जॉइंट," ते म्हणाले.

"अगंबाई! मग बदला ना लगेच," माझ्या मागून सुनंदा म्हणाली.

शब्द तेच. फक्त तोंड वेगळे.

निदान किफायतीत तरी शहाणपण दाखवावे म्हणून मी एकच बाजू बदलायला सांगितली. हमीदभाईंनी मला पायापासून वर न्याहाळले. "सर, एका पायात नवा बूट घालून साक्षगंधाले जाता काय?" दोन्ही बाजू बदलायचे ठरले.

सांध्याचा दांडा जुन्या लोखंडात असा रुतला होता की नट काढूनही हलेना. हमीदभाईंनी एक हातोडा मागे टेकवला आणि दुसऱ्याने कडेला दोन घाव घातले. सांधा खाली आला. मी इतकी वर्षे लोकांना ठोकतो आहे. इतक्या कमी घावांत कोणी जागचे हलल्याचे मला स्मरत नाही.

गाडी फिरवून आणली. आवाज गेला होता. हात पुसता पुसता ते सुनंदाला म्हणाले, "वहिनी, बिमारी सरांनीच बराबर ओळखलीती. मी फकत हात लावला."

"हो का?" सुनंदा म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

हमीदभाई इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले, आणि तेही डुगडुगले. माझा शब्द खरा, हे प्रमाणपत्रसुद्धा मला त्यांच्याच सहीने मिळाले. पण ते त्यांनी न मागता दिले, आणि माझ्या बायकोसमोर दिले. आमच्या लेखकांत दुसऱ्याचे श्रेय असे हातात आणून देणारा मला अजून भेटायचा आहे. जळण्यासाठी एवढे कारण पुरे.

राजूरपर्यंत सुनंदा माझ्या शेजारी गाढ झोपली होती. ती झोप माझ्या चालवण्यावर विसंबून नव्हती, हे मला ठाऊक आहे. हमीदभाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे धड राहोत, दोन्ही डोळ्यांना झिजलेले रबर असेच दिसत राहो, अशी प्रार्थना मी निव्वळ स्वार्थापोटी करतो. ते आहेत तोवर माझ्या शेजारची सीट भरलेली आहे.

राहता राहिली एक उधारी. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी मला म्हटले होते, "सर, तुम्ही लिहिणारे. आपल्या बोर्डासाठी एक ओळ द्या ना, लोकाईच्या ध्यानात राहीन अशी." मी हो म्हणालो आणि टाळत राहिलो. निघताना ते दरवेळी विचारत, "माही ओळ?" मी म्हणायचो, सुचली नाही.

परवा पेंटरला देऊन आलो. खाली माझे नाव घालायचे नाही असे बजावले. ओळ तशी माझी नाहीच. सत्काराच्या सकाळी गॅरेजवर नवा बोर्ड लागेल. त्यावर ठळक अक्षरांत एवढेच असेल:

"हमीदभाईंनी पाहिली का?"