डोंगरावरून उतरताना वाटेत भेटलेले

जंगलात जाऊन आलेल्या माणसाला गावात एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की विचारणारा आपल्या वाटेने जातो. मग बाकी जे दिसलं, जे झालं, ते सांगायचं राहून जातं. आमच्याकडे असं राहून गेलेलं बरंच साठलं आहे.

शेलूबाजारला हायवेलगत माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि पंप-इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा गट त्या दुकानापुढच्या बाकावरच जमला. दिनकरभाऊ एसटी चालवून निवृत्त झाले. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं, तर ते म्हणाले, "कुठं पोचायचंच नाही, तं चालायचं कायले?" म्हणून आम्ही दर हिवाळ्यात सातपुड्यात जाऊ लागलो. वरच्या थंड पठारापर्यंत जीपने जायचं, रीतसर परवानगी काढायची, गाईड घ्यायचा आणि पायवाटेने खालच्या सागाच्या जंगलात उतरायचं.

मधुकरचं कृषी सेवा केंद्र माझ्या दुकानाला लागून आहे, तो आपोआपच आला. सुशीलाताई जवळच्या मळ्यात भाजीपाला करतात. नवरा गेल्यापासून सगळं त्याच बघतात. त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या दिरांनी विचारलं होतं, बाईमाणसाला जंगलात काय काम? ताईंनी त्यांना वांग्यांना पाणी कधी द्यायचं ते समजावून सांगितलं आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

*

पहिल्या वर्षी गाईडने वरती पठारावरच सांगून ठेवलं की वाटेत कोण कोण भेटू शकतं. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्रे. कोण समोर आलं तर काय करायचं, हेही सांगितलं. मधुकर मन लावून ऐकत होता. अस्वलाच्या बाबतीत तर त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळपर्यंत यातलं कुणीच भेटलं नाही. भेटले ते गोचीड. वाळलेल्या उंच गवतातून आम्ही गेलो आणि ते मधुकरच्या पोटरीपासून कमरेपर्यंत चढले. खालच्या गावात पोचल्यावर तो एका गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ एकेक उपटून काढत बसला. बाहेर आला तेव्हा चेहरा पडला होता.

"कपाशीवरच्या किडीचं इकतो, तुरीवरच्या किडीचं इकतो," तो म्हणाला. "अन् मले खाऊन राह्यले, त्याचं माह्यापाशी काहीच नाही."

*

माझा स्वतःचा किस्सा लहान आहे. उतरणीवर मध्येच मला खालून पंपाचा आवाज आला. टुक, टुक, टुक, एकसारखा. मी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की दरीत कुणाचं तरी डिझेल इंजिन चालू आहे, म्हणजे शेत आहे, म्हणजे आपण वाट चुकलो. गाईड म्हणाला, तो तांबट पक्षी आहे. मी म्हणालो, इतकी वर्षं हा धंदा करतो, मला इंजिन कळत नाही होय?

गाईडने बोटाने वरती वडाच्या झाडाकडे दाखवलं. फांदीच्या टोकावर मुठीएवढा हिरवा पक्षी बसला होता आणि मान हलवून हलवून टुकटुक करत होता.

सुशीलाताई म्हणाल्या, "चढा वर, दुरुस्त करून या."

*

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माळावर नीलगायींचा कळप दिसला. आमच्याकडे तिला रोही म्हणतात आणि तिच्यापायी रात्री शेतात जागतात. शहरातला एक मोठा ग्रुप आमच्या पुढे होता. ते सगळे खाली बसले, मोठाले कॅमेरे काढले, एकमेकांना हळू बोला म्हणून खुणा करू लागले. पुढचा नर निळसर काळा, उन्हात चकाकत होता. देखणं जनावर, त्यात वाद नाही.

आम्हीही थांबलो. सुशीलाताई मात्र थांबल्या नाहीत. त्या तशाच पुढे गेल्या, वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि "हाट्! हाट्!" करत जोरात हात उगारला. कळप उधळला. कॅमेरेवाले उठून उभे राहिले. त्यातल्या एकाने जरा रागानेच विचारलं, मॅडम, असं का केलंत?

ताईंच्या हातात ढेकूळ तसंच होतं. त्याही गोंधळल्या होत्या. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "माफ करा. घरी हरभरा हाय."

*

गव्याची गोष्ट दिनकरभाऊ स्वतः कधी सांगत नाहीत.

वाट अरुंद होती. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला मुरमाचा चढ. दिनकरभाऊ पुढे होते, गाईड सगळ्यात मागे. वळणावर ते थांबले आणि मागे न बघता त्यांनी हात आडवा केला. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. खालून गवा वर येत होता. एकटाच. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा आणि खांदा माझ्या डोक्याच्याही वर. आम्हाला पाहून तोही थांबला आणि नाकातून असा श्वास सोडला की पायाखालचा पाचोळा हलल्यासारखा वाटला. मधुकरने खिशातला मोबाईल काढला, तो दिनकरभाऊंनी तसाच मागे हात करून खाली दाबला.

मग त्यांनी आम्हाला एकेक करून मुरमाच्या चढावर घेतलं. घाई नाही, आवाज नाही. स्वतः सगळ्यात शेवटी चढले. वाट मोकळी झाली. गवा थोडा वेळ बघत राहिला, मग आमच्या खालून, त्याचा वास यावा इतक्या जवळून, सावकाश वर निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर दिनकरभाऊ मटकन खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, तुम्हाला कसं सुचलं?

"घाटात चढत्या गाडीले आधी वाट द्यावं लागते," ते म्हणाले.

*

अस्वल सुशीलाताईंनाच भेटायचं होतं.

खाली उतरल्यावर बोरांचं रान लागतं. जानेवारीत झाडं लगडलेली असतात. आम्ही जेवायला बसलो होतो, ताई जरा बाजूला बोरं वेचत होत्या. झुडपाच्या पलीकडून कुणीतरी नाक ओढत, फुरफुरत बोरं खात होतं. मधुकरला तेव्हा सर्दी होती. ताईंनी दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग त्यांना राहवेना.

"मधुकर, नाक शिंकरून ये आधी," त्या म्हणाल्या. "अन् मंग खाय."

मधुकरने आमच्याजवळ बसल्या बसल्या ओ दिली.

ताई जागीच थिजल्या. मग झुडपावरची नजर न काढता एकेक पाऊल मागे येत राहिल्या. पलीकडे काळा, केसाळ पाठीचा ढीग हलत होता. त्याने डोकंही वर केलं नाही. आम्ही डबे तिथेच टाकले आणि गाईडच्या मागे गुपचूप लांब जाऊन थांबलो. ताईंनी मूठ उघडली तर बोरं चेंगरून त्यांचा लगदा झाला होता.

"त्याचंही नाक वाहूनच राह्यलं होतं," त्या म्हणाल्या.

*

गेल्या हिवाळ्यात कमलवैनी आल्या. कमलवैनी म्हणजे दिनकरभाऊंच्या पत्नी. भाऊंचा गुडघा दुखू लागला होता आणि वैनी त्यांना एकटं सोडायला तयार नव्हत्या. स्वभावाने सडेतोड बाई. सासूबाई होत्या तोवर डोक्यावरचा पदर ढळला नाही आणि त्या गेल्यावर तो पुन्हा कधी डोक्यावर गेला नाही. लग्नकार्यात थोरले चुलतसासरे समोर आले तरी नाही. पायात मुलाचे बूट घालून, पदर कमरेला खोचून, त्या आमच्या सगळ्यांच्या पुढे उतरत होत्या आणि भाऊंना मागे वळून वळून जपून या म्हणत होत्या.

खालच्या नाल्याजवळ सकाळचं ऊन नुकतंच आलं होतं. गाईड एकदम थांबला. बांबूतून वाघ निघाला आणि वाटेवर आला. वैनींपासून तो फार लांब नव्हता. तो थांबला, मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिलं. गाईडने हलू नका म्हणून हात खाली धरला. दिनकरभाऊंनी वैनींच्या दिशेने पाऊल उचललं, पण गाईडने त्यांना दंडाला धरून थांबवलं. मधुकर माझ्या खांद्याला घट्ट धरून होता. सुशीलाताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

वैनींनी कमरेचा पदर काढला, नीट सारखा केला आणि डोक्यावर घेतला. नजर खाली केली आणि उभ्या राहिल्या.

वाघ वाट ओलांडून नाल्यात उतरला. बांबू हलला, मग हलायचा थांबला. वैनींनी पदर उतरवून परत कमरेला खोचला आणि चालू लागल्या.

खाली पोचून जीपमध्ये बसलो. सातपुडा दूर मागे राहिला, शेलूबाजार जवळ आलं, तेव्हा दिनकरभाऊंनी हळूच विचारलं, "पदर काहून घेतला होता वं?"

वैनी खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"कायचा पदर?" त्या म्हणाल्या.