सोमवारी वरणाचं पातेलं भरलेलंच राहिलं

परवाच्या श्रावणी सोमवारी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सातपूरला माझी डब्यांची मेस आहे. कोणाला काय द्यायचं ते सुनेने कॉम्प्युटरच्या एका टेबलात भरलंय, त्यावरून डब्यांच्या चिठ्ठ्या निघतात. सोमवारी उपवासवाल्यांच्या ओळीत 'वरण-भात' शोधायचं आणि तिथे 'भगर-आमटी' करायचं, एवढंच काम. "आई, आधी उपवासवाले निवडा, मगच बदला," असं बजावून ती ऑफिसला गेली. मला कुठला धीर... दाबलं 'रिप्लेस ऑल' आणि झाले मोकळी.

चिठ्ठ्या बघून माझ्या मदतीला असलेल्या शोभाने डबे भरले. आमटी कमी पडायला लागली तर मीच तिच्यावर खेकसले, "हात जरा आखडता घे की गं!" आणि वरून गरम पाणी ओतून आमटी वाढवली. डब्यांची रिक्षा गेली. मग ओटा आवरताना वरणाचं पातेलं उघडलं... काठोकाठ भरलेलं!

म्हणजे त्या 'रिप्लेस ऑल'ने सगळ्यांच्याच ओळी बदलल्या होत्या. सगळ्यांना भगर गेली त्याचं काही नाही, एक दिवस घडला उपवास. पण कंपनीत डबा जाणारी आमची मेघा! आमटी दाण्याची, आणि या पोरीच्या पोटात एक दाणा गेला तरी घसा सुजून श्वास अडकतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने.

फोन लावला... बंद. त्यांच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. रिक्षावाला म्हणे, "मावशी, डबे कधीच दिले." तशीच ओल्या हाताने स्कूटी काढली. गेटवर वॉचमन नाव-गाव विचारत बसला. "आधी आत निरोप दे, तुझी चौकशी मग कर!"

मेघा बाहेर आली. धडधाकट. हातात डबा.

"खाल्लं नाहीस ना गं?"

"नाही काकू. झाकण उचललं तर दाण्याचा वास आला."

"देवानेच बुद्धी दिली तुला..."

"मी रोजच आधी वास घेते. घरी आईने वाढलं तरी घेते. राग नका मानू."

राग कसला... मला वाटायचं, पोरगी माझ्या भरवशावर निवांत जेवते. ती रोज पहिल्या घासाआधी घाबरत होती. परत जाऊन तिचा वरण-भात आणून दिला, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली पाणी उतरलं.

आता मेघाचा डबा मी स्वतः भरते. झाकण लावायच्या आधी नाक खुपसून वास घेते. शोभा हसते... हसू दे.