मागं कोणी नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, वर्षानुवर्षं ज्याच्या डब्यात हात घालून जेवलो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

भूकंपानंतरच्या वर्षी माझं लग्न झालं आणि आम्ही दोघं लातूरला आलो. मी उदगीरजवळच्या खेड्यातला, गणित शिकलेला, एका क्लासमध्ये नुकताच लागलेला. पद्मा धर्माबादच्या बाजूची. तिची आई मूळची सीमेपलीकडची, तेलुगू बोलणारी. त्यामुळं ती भावंडं आईला अम्मा म्हणायची, आणि पद्माच्या मराठीत मधूनच एखादा 'लेदू' येऊन पडायचा — 'नाही' म्हणायचं असलं की. लग्न ठरलं तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. हे लक्षात ठेवा. सुरुवातीला गोडच वाटलं होतं.

लातुरात तेव्हा खोल्या मिळत नव्हत्या. गावोगावची पोरं शिकायला येत होती, एकेका खोलीत चार-चार पोरं राहायची. नवरा-बायकोला कोण विचारतं? गोलाईच्या मागच्या गल्लीत खालाचं घर होतं. गाद्या भरणाऱ्यांचं जुनं मुसलमान घर, अंगणात सदा कापसाची म्हातारी उडत असायची. आख्खी गल्ली तिला खालाच म्हणायची. तिनंही आधी मान हलवली. "पोरांनाच देतो आम्ही, सर." मग तिची नजर माझ्या पाठीमागं गेली. पद्मा रिक्षापाशी ट्रंक धरून उभी होती. निघताना रडली होती, डोळे सुजलेले.

"किल्लारीकडची हाय का लेकरू?" खालानं हळूच विचारलं.

"हो, तिकडचीच," मी म्हणालो.

"मागं कोण राहिलं का?"

"मागं कोणी नाही."

इतकंच. तीन शब्द. खालाची धाकटी बहीण त्याच भागात दिलेली होती, ती भूकंपात घराखाली सापडून गेली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त तिचे भरून आलेले डोळे दिसले आणि कमरेची किल्ली दिसली. पद्माची आई, वडील, दोन भाऊ — सगळे धडधाकट होते. मी त्यांना उभ्या-उभ्या पुरून टाकलं.

खोलीसाठी खोटं बोललो असं म्हणालो तर तुम्ही कदाचित सोडून द्याल. पण थांबा — तेवढंच असतं तर आठवड्याभरात मी ते निस्तरलं असतं. "खाला, चुकून बोललो," म्हणालो असतो. ती हसली असती, एक शिवी घातली असती. मग मी का नाही बोललो?

महिन्याभरानं क्लासच्या मोठ्या सरांकडं जेवण होतं. सगळ्या सरांच्या बायका आल्या होत्या. कुणीतरी पद्माला भाजी वाढायला लागलं आणि ती घाईत म्हणाली, "लेदू, लेदू, बास, लई झालं, मी खाऊन राहिले न्हवं." एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. वाईट हसू नव्हतं ते, आता वाटतं. पद्मासुद्धा हसली त्यांच्यात. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी स्वतः खेड्यातला — औरंगाबादच्या होस्टेलात पाच वर्षं घासून-पुसून माझं 'हाय'चं 'आहे' केलेलं. ते सगळं त्या एका वाक्यात उघडं पडलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्येही तेच सांगितलं. तिचं भूकंपात सगळं गेलंय. फार बोलायला लावू नका, कुठं बोलवू नका, तिला त्रास होतो. आणि घरी येऊन पद्माला म्हणालो, "गल्लीत जास्त बोलत जाऊ नकोस. इथले लोक भाषेला हसतात."

म्हणजे बघा — मला खोली नको होती. मला ती गप्प हवी होती.

लोक फार चांगले होते, हीच अडचण झाली. खालानं गल्लीतल्या बायकांना बजावून ठेवलं होतं, पोरीला माहेराचं काही विचारू नका, तिच्यासमोर आईचं नाव काढू नका. बायका कशाबद्दल बोलतात? माहेराबद्दल, आईबद्दल. मग पद्मा आली की त्या गप्प व्हायच्या. टँकर आला की तिची घागर पुढं घ्यायच्या, भरून द्यायच्या आणि मान खाली घालून बाजूला व्हायच्या. दिवाळीला ती माहेरी गेली तेव्हा मी खालाला सांगितलं, लांबच्या मावशीकडं गेलीय. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं म्हणतात. मला तर रोज लागत होतं, दुधासारखं.

एकदा संध्याकाळी भाकरी थापता थापता पद्मा म्हणाली, "एक विचारू? खरं सांगा. माझ्या अंगाला काही वास येतो का हो?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मग बाया मला पाहून बाजूला का होतात?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती माझ्याकडं बघत होती, पीठ लागलेले हात तसेच. मी म्हणालो, "शहरात असंच असतं."

त्यानंतर ती दुपारी रेडिओशी बोलायची. मी एकदा लवकर घरी आलो तेव्हा दाराबाहेर उभा राहून ऐकलं. निवेदिका हवामान सांगत होती, आणि पद्मा तिला तेलुगूत काहीतरी उत्तर देत होती. मी कडी वाजवली. आवाज बंद झाला.

अम्माला लेकीचं घर बघायचं होतं. धाकट्या मेव्हण्याच्या पत्रात दर वेळी शेवटची ओळ तीच — अम्मा विचारते, कधी येऊ? आता मेलेली आई गल्लीत कशी येणार? मी पद्माला सांगितलं, खालाला पाहुणे चालत नाहीत. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, तशी मी पुढं जोडलं, "त्यांच्यात आपल्याकडची माणसं राहायला आलेली आवडत नाहीत म्हणे." असं कुणाच्यात काही नसतं, मला माहीत होतं. पण ते लगेच पटलं. असलं काही पटायला वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं म्हणूनच मी ते बोललो.

त्या ईदला खालानं शिरखुर्म्याचा वाडगा पाठवला. पद्मानं तो झाकून ठेवला, तोंडही लावलं नाही, दुसऱ्या दिवशी तसाच परत नेऊन दिला. खाला मला जिन्यात भेटली. म्हणाली, "बेचारीला गोड जात नसंल अजून. जबरदस्ती करू नका, सर." एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका. एकीला वाटायचं ही आपला द्वेष करते. दुसरीला वाटायचं हिचं दुःख अजून ताजं आहे. आणि दोघींच्या मधून मी सायकल काढून रोज क्लासला जायचो.

आता मुख्य गोष्ट. इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरतोय, तुम्हाला कळलंच असेल.

मिरच्या नुकत्याच निघाल्या होत्या, त्या दिवसांत. दुपारची बॅच संपली होती. शिपाई येऊन म्हणाला, "सर, तुमच्याकडं कोणी बाई आल्यात." बाहेर गेलो तर पायरीवर अम्मा बसलेली. शेजारी मिरच्यांचं गाठोडं, पत्र्याचा एक डबा, आणि मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. तिच्यावर क्लासचं नाव मेव्हण्याच्या अक्षरात. घरचा पत्ता मी कधी दिलाच नव्हता, पत्रंसुद्धा क्लासवर मागवायचो. आयुष्यात नांदेडच्या पुढं ती एकटी कधी आली नव्हती. दोन गाड्या बदलून आली होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "आले पाहा बापू मी! राहायला न्हाई आले. तुमच्या घरमालकिणीला सांगा, तासाभरात जाते म्हणावं."

पद्मा त्या वेळी घरात होती. सायकलवर दहा मिनिटं.

मी म्हणालो, "पद्मा उदगीरला गेली. माझ्या बहिणीकडं. आठ दिवस नाही यायची."

अम्मानं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "मग घर तरी पाहून जाते. तिची चूल कुठं हाय, पाणी कुठून भरते, तेवढं पाहते. किल्ली हाय न्हवं तुमच्यापाशी?"

"किल्ली पद्माकडंच राहिली."

ती माझ्या सायकलकडं बघायला लागली. हँडलला वायरची पिशवी होती, हिरवी-पांढरी. अम्मानंच विणून दिलेली. तिच्यात डबा होता, आणि डब्यावर पद्मानं सकाळी गुंडाळलेला ओला रुमाल, अजून पुरता वाळलेला नव्हता. आठ दिवसांसाठी गेलेल्या बाईनं बांधलेला डबा. अम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघत होतो. तिला कळलं. ते मला दिसलं, आणि मला दिसलेलं तिलाही दिसलं.

तिनं भांडायला पाहिजे होतं. ओरडायला पाहिजे होतं. तिनं एवढंच विचारलं, "बरी हाय ना माझी पोर?"

"बरी आहे."

"मारत-बिरत न्हाई ना कोणी?"

"नाही, अम्मा."

"मग झालं."

मी तिला स्टँडवर नेलं आणि नांदेडच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळाली. चहा विचारला, नको म्हणाली. गाडी वळेपर्यंत ती समोर बघत होती. गाठोडं आणि डबा मी घरी नेला. धर्माबादचा एक माणूस देऊन गेला म्हणालो. पद्मानं डब्याचं झाकण काढलं, आत तिळाची सकिनालं होती, तिकडच्या तांदळाच्या चकल्या. एक तोंडात घातलं आणि तिथंच फरशीवर बसली. "माणसाच्या हाती पाठवते," म्हणाली, "स्वतः येत न्हाई."

मला वाटलं, आता पत्र येईल. किंवा मेव्हणे येतील, माझी गचांडी धरतील. काही झालं नाही. पुढं बाळंतपणाला पद्मा माहेरी गेली, मुलगी झाली, मी बघायला गेलो. अम्मानं मला पाटावर बसवून वाढलं. आसपास कोणी नाही असं बघून म्हणाली, "मी तिला काय बोलले न्हाई, बापू. तिला तिथंच जन्म काढायचा हाय." आणि वरून तूप सोडलं.

तिनं झाकलं म्हणून मी सुटलो, असं नाही. सुटलो, असं मी स्वतःला फार वर्षं सांगून पाहिलं.

खोली सोडली तेव्हा खाला पद्माचे दोन्ही हात धरून रडली. पद्मा ताठ उभी राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आता कशाला रडते?" पुढं आम्ही लातुरातच दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. आता कुणाची आडकाठी नव्हती. पद्मानं अम्माला किती वेळा बोलावलं — मी स्वतः आणायला गेलो, दोनदा. अम्मा म्हणायची, "प्रवास झेपत न्हाई मला." पोरांच्या घरी जायची. भाचीच्या लग्नाला हैदराबादला जाऊन आली. आमच्याकडं आली नाही.

ती गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, पद्मा भावांसमोर मोठ्यानं बोलली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "सगळ्यांच्या दारात गेली. माझ्याच दारात एकदा आली न्हाई. काय केलं होतं मी तिचं?" मी तिथंच होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. मी तो तिच्या पुढं केला.

आमची मुलगी आता पुण्याला असते. पद्मा दर दोन महिन्यांनी तिच्याकडं जाते, बरोबर मीही. गेल्या गेल्या ही स्वयंपाकघरात शिरते, डबे उघडून बघते, नळ कधी येतो विचारते. मुलगी चिडवते, "आई, तपासणीला येतेस का गं?" पद्मा म्हणते, "माझी आई कधी आली न्हाई बाई माझ्याकडं. म्हणून मी येते."

मी बाहेरच्या खोलीत असतो, पेपर घेऊन. ऐकू येतं.