माळावरचे पांढरे दगड

सगळी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काळा कोट सुटला, सवय काही सुटली नाही. समोरचा माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच बघायला लागला की त्याच्याकडे तिकीट नाही, हे मला अजूनही आधी दिसतं. बायको म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी आधी तिकीट विचाराल."

आमचं घर पैठण रस्त्याला, शहर संपतं तिथं. म्हणजे घेतलं तेव्हा संपत होतं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. बाकी सगळा टँकरचा कारभार. टँकरवाला थोडं पाणी पोटात ठेवूनच निघतो असा मला दाट संशय होता, म्हणून मी त्याच्या शिडीवर चढून आत डोकवायचो. भांडी धुतलेलं पाणी मोगऱ्याला आणि भाजीचं पाणी लिंबाला, अशी आमची बाग तग धरून होती. दुपारी कूलरसमोर बसून रहस्यकथा वाचायचो. तिसऱ्या प्रकरणातच मी खुनी ओळखायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो.

सकाळ मात्र माळाची. घरामागं मोठं गायरान होतं. दुर्बीण गळ्यात अडकवून मी उजाडताच निघायचो. चंडोल, सातभाई, कधी तित्तर. त्या वर्षी एका टिटवीनं उघड्या जमिनीवर, मेंढ्यांच्या लेंड्यांतच अंडी घातली होती. ऊन चढलं की ती पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. तिला लांब जावं लागू नये म्हणून मी जवळच मातीचं ताट भरून ठेवू लागलो. मी तिच्यात पार गुंतलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

त्याच माळावर एका धनगराचं पाल होतं. धनगर पुढं पैठणकडं गेला होता, धरणाचं पाणी आटून उघड्या पडलेल्या जमिनीवर चारा आहे का ते बघायला. मागं त्याची बायको आणि मेंढ्या. बाई माझ्याच वयाची, काटक. मी टिटवीपाशी बसलो की ही लांबून बघायची, मी उठलो की त्या जागेवर जाऊन वाकून काहीतरी शोधायची. मी मनाशी ठरवून टाकलं की हिचा अंड्यांवर डोळा आहे.

एकदा ती स्वतःच जवळ आली. "साहेब, कुण्या पार्टीचं काम हाय?" तिनं विचारलं. जमिनीचा व्यवहार करणाऱ्या माणसाला आमच्याकडं पार्टी म्हणतात. मी म्हणालो, कुणाचंच नाही, मी पक्षी बघतो. तिकीट बायकोकडे आहे आणि बायको पुढच्या डब्यात आहे म्हणणाऱ्याकडं मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

आता अंडी वाचवायला काहीतरी करणं भाग होतं. बागेतल्या झाडांच्या बुंध्यांना लावायला आणलेला चुना शिल्लक होता. मी मुठीएवढे दगड गोळा केले, त्यांच्या माथ्यावर चुना फासला आणि घरट्याभोवती लांबून गोल मांडला. कुणाचा पाय पडू नये, एवढाच हेतू. टिटवी तासभर बोंबलली आणि मग बसली.

दुसऱ्या दिवशी एकही दगड जागेवर नव्हता. सगळे नाल्यात भिरकावलेले. अंडी शाबूत होती, पण माझं डोकं फिरलं. चोर सापडला अशा थाटात मी तरातरा पालाकडं गेलो. बघतो तर पाल उतरवलेलं, घोड्यावर अर्धं बिऱ्हाड चढलेलं, आणि बाई मेंढ्या एका जागी आणत होती. त्यातल्या कितीतरी गाभण होत्या, आज-उद्या व्यायला झालेल्या. असल्या उन्हात त्या चालल्या असत्या तर वाटेतच पडल्या असत्या, हे मलाही कळत होतं.

"दगड का फेकले?" मी विचारलं.

"पांढरा दगड पडला की जमीन गेली," ती म्हणाली. "मागच्या दोन्ही माळांवर असंच झालं. मोजणी झाली, मंग कुंपण, मंग आमाला हाकललं. तुमी रोज येऊन कायतरी मापताय, दिसतंय की मला."

मी तिला घरट्यापाशी नेलं. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. बाईनं अंड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाखराला कुंपण कोण घालतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, मी घालतो. तिला ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही, पण ती हसली आणि परत जाऊन तिनं घोड्यावरचं ओझं सोडलं. दगड मी नाल्यातून आणून पुन्हा मांडले, पांढरी बाजू खाली करून.

पिल्लं निघाली. मेंढ्या व्याल्या. बाई मला साहेबाऐवजी बाबा म्हणू लागली, तरी दुर्बीण डोळ्याला लावली की ती कुठं रोखली आहे ते वळून बघायचीच. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. मीही तिच्या खांद्यावरच्या पिशवीत एखादं पिल्लू तर नाही ना, ते बघायचोच.

एका सकाळी पाय दुखत होता म्हणून मी माळावर गेलो नाही, मोगऱ्याची आळी करत बसलो. बायकोनं हाक मारली. फाटकाबाहेर ती बाई उभी होती. आमच्या दारात ती कधीच आली नव्हती.

"बाबा, माळावर दगड पडलेत," ती म्हणाली. "पांढरे. पार नाल्यापतोर." मग हळू आवाजात, "तुमचेच हाईत ना?"

सगळा जन्म मी माणसांच्या तोंडाकडं बघून खरं-खोटं ओळखत आलो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत ती मेंढ्यांकडं वळली.