माझ्या हातचे मासे

मी चौथी शिकलो. पण रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये माशांच्या टाक्या तीस वर्षं सांभाळल्या, आणि माझ्यासारख्या कुणी सांभाळल्या नाहीत, हे आजही तोंडावर सांगेन. कारखान्याचं सांडपाणी यायचं. त्यात दहा मासे सोडायचे, चार दिवसांनी जिवंत किती ते साहेबांना सांगायचं. मासे जगले की पाणी पास, खाडीत सोडायला मोकळं.

त्याच खाडीत ओहोटीला माझी बायको आणि तिची जाऊ, म्हणजे माझी वहिनी, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या. पुढे तिसऱ्या कमी झाल्या, मिळायच्या त्याही मेलेल्या. वहिनी म्हणायची, पाणी बिघडलं. मी म्हणायचो, त्याच पाण्यात माझे मासे जगतात, तुला जास्त कळतं काय? बायकोने माझी बाजू घेतली. त्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. एका अंगणात समोरासमोर दारं. गेल्या शिमग्यानंतर वहिनी वारली.

परवा लॅबमधल्या नव्या मॅडमनी बोलावलं. टाक्या कोरड्या पडलेल्या. आता मासे मारायचे नाहीत म्हणे, माशाच्या कल्ल्यातल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवून त्यावर पाणी तपासायचं. मारणार नाही इतकं थोडं विषसुद्धा त्यात कळतं. सरकार ही पद्धत घेण्याआधी जुन्या नोंदींशी ताडून बघतंय, आणि माझ्या वेळच्या नोंदी काही केल्या जुळत नव्हत्या; पेशी मरतात तसल्या पाण्यात माझे मासे जगलेले.

"आजोबा, दहा मासे निवडायचात कसे?"

नियम होता, जाळीत येतील ते घ्यायचे. मी ऐटीत सांगितलं, "तसे घ्यायला मी काय नवखा? मलूल दिसला की बाजूला. महिनाभर पोसलेले, चपळ, तेवढेच सोडायचो. माझ्या हातचा मासा मेलेला मला खपायचा नाही."

"आणि तो मलूल सोडला असतात तर?"

"मेला असता की. म्हणूनच तर..."

मॅडम खाली मान घालून लिहीत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बायको पडवीत कुळीथ निवडत होती, तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे जाऊबाईंचं खरं होतं?"

"हो."

ती समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली.

"त्या होत्या तेव्हा बोलला असतात, तर पाया पडून आले असते मी."

तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं, असं ओठांवर आलं होतं. पण मासे निवडणारा मीच होतो.