बुजवलेला रणगाडा

पहिल्या पाळीवरून सुटून रोह्याला घरी येत होतो, तोच पेणहून सुमनवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. आदल्या रविवारीच अंताशी तासभर भांडलो होतो, तेही गंज पावसानं खाली ओघळतो की जागीच पसरतो यावरून! साठीला टेकलेल्या दोन बाप्यांनी भांडायचा हा विषय का? पण आमची मैत्री अशाच गोष्टींवर पोसली होती. दीड महिना झाला, अजून रविवार आला की पाय आपसूक पेणच्या गाडीकडे वळतात.

अनंता, म्हणजे आमचा अंता, पेणला गणपतींच्या कारखान्यात आखणी करायचा. मूर्तीचे डोळे त्याच्या हातचे. शिवाय कुणाचा कान उडालेला, कुणाचं बोट तुटलेलं, ते पुटी भरून, घासून, रंगवून असं बेमालूम करायचा की मालकालाही सापडू नये. भंगलेली मूर्ती घरात कोण नेणार? आणि हा जन्मभर मोडलेलं जोडणारा माणूस माझ्या नादानं प्लास्टिकचे वीतभर रणगाडे जोडायला लागला, ते कशासाठी, तर मोडण्यासाठी! गोळ्यांच्या खुणा, उडालेला रंग, वाकलेलं पत्र्याचं मडगार्ड. मी नुसता जोडणारा. नासधूस करावी ती अंतानंच.

पहिला रणगाडा झाला तसा गडी छाती फुगवून मला जवळच्या गडब गावी सुभेदारकाकांकडे घेऊन गेला. काका फौजेत रणगाड्यावर होते, लढाई बघून आलेले, आता भातशेती. त्यांनी रणगाडा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "ही गाडी लढलेली नाय. ही माळ्यावरनं पडलेली हाय." मी फिसकन हसलो. अंताचा चेहरा मात्र पार उतरला. परतताना गडबच्या स्टँडवर मला म्हणाला, "बाळ्या, ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून 'लढलेली' म्हणवून घेतलं नाय, तर ब्रश खाडीत टाकीन." चेष्टा नव्हती ती. माणूस खरोखर जेवेनासा झाला, वहिनींनी मलाच झापलं.

मग दर रविवारी गडब. काका सांगायचे, हा ऐकायचा. मार समोरून बसतो, चहूकडून नाय. माणसं चढतात तिथला रंग पायांनी झिजतो. गोळा शिरतो तिथली कड आत वळते. नव्या रणगाड्यासाठी अंतानं मिठागरातलं जाडं मीठ आणलं. आधी गंजाचा रंग, त्यावर ओल्या बोटानं मिठाचे खडे, त्यावर हिरवा रंग. वाळल्यावर मीठ खरवडलं की रंगाचे टवके उडून खालचा गंज दिसायचा, अगदी खरा! कडांना पेन्सिलीचं शिसं घासलं की लोखंड चमकायचं. भोकासाठी प्लास्टिक आतून कोरून पातळ केलं आणि तापवलेल्या सुईनं बाहेरून आत दाबलं. तीन आठवडे एका भोकापायी! ते जमलं तेव्हा पोराचं बारसं असावं तसे आम्हाला पेढे दिले त्यानं.

आणि मग त्यानं जो घोळ घातला, तो पेणचा माणूसच घालू जाणे. सीझनची धांदल होती. रणगाडा वाळायला म्हणून कारखान्याच्या फळीवर ठेवला, नेमका डागडुजीच्या गणपतींच्या रांगेत. अंता बोलत बोलत एकेक उचलत होता, पुटी भरत होता, घासत होता... मला रोह्याला फोन आला तेव्हा आवाज रडवेला. "बाळ्या, मी रणगाडा बरा केला रे!" म्हटलं, म्हणजे? "भोक बुजवलं! हात आपोआप चालला! रंगसुद्धा मारला वरनं, आन काका उद्या बघायला येतायत!" मी इतका हसलो की बायको धावत आली. आता लिहितानाही हसू येतंय, आणि डोळेही भरून येतायत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो. अंता मूर्तींच्या आड उभा. घाईतलं काम, बुजवलेली जागा केसभर वर आलेली. काकांनी चष्मा लावला, त्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

"हितंच गोळा लागला होता आमच्या गाडीला," ते म्हणाले. "वर्कशॉपवाल्यांनी ठिगळ जोडलं, रंग मारला, आन दुसऱ्या दिशी आमी परत निघालो. भोक घेऊन पडून राहते ती मेलेली गाडी, अंता. ही लढलेली हाय."

अंतानं काय करावं? काकांना मिठी मारली, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुटीचे दोन पंजे उमटवले आणि सगळ्या कारखान्याला भजी मागवली. "व्हय, मुद्दामच बुजवलं मी!" असं जो भेटेल त्याला सांगत सुटला, लबाड कुठला. रणगाडा त्यानं तिथल्या तिथे काकांना देऊन टाकला.

परवा गडबला गेलो होतो. रणगाडा टीव्हीशेजारी आहे. खरं तर रानातून आल्यासारखा दिसावा म्हणून त्यावर धुळीच्या रंगाचा शेवटचा हात मारायचा राहिला होता. सीझन उरकला की येतो, असं अंता काकांना सांगून गेला होता. सीझन उरकला, आणि हा... काकांची सून फडकं घेऊन टीव्ही पुसत होती. पुसता पुसता रणगाड्याकडे वळली, तसे काका खाटेवरून ओरडले, "त्याला हात लावू नको गो! बसू दे धूळ. अंताचं तेवढंच काम राहिलंय."

सुनेनं फडकं खांद्यावर टाकलं आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.